प्रत्येक रक्तस्राव मूळव्याध नसतो: आतड्याचा कॅन्सर आणि सरकारी यादीतली रिकामी जागा

शौचाला रक्त पडलं की आपल्या घरांत आधी एकच शब्द निघतो: मूळव्याध. मग तिखट बंद होतं, इसबगोल सुरू होतं, कुणीतरी ओळखीचा हकीम सुचवतो, कुणी 'बिना ऑपरेशन मूळव्याध-भगंदर' असा बोर्ड लावलेला दवाखाना दाखवतो. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, हेही खरं. पण ज्यांच्या बाबतीत ती नसते त्यांचे या धावपळीत चार-सहा महिने निघून जातात. शेवटी मोठ्या इस्पितळात दुर्बीण आत जाते तेव्हा कळतं की गाठ आहे, आणि ती आजची नाही.

हा विषय आत्ता काढायचं कारण आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं काढायची घोषणा केली. त्यातली २०० पहिल्याच वर्षी होणार होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कॅन्सरच्या काही महागड्या औषधांवरचा जीएसटी शून्यावर आला. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही त्याच सुमारास सर्वंकष कर्करोग धोरण मंजूर केलं. या सगळ्याचं स्वागतच करायला हवं. लातूरच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीसाठी मुंबई गाठावी लागू नये, यासारखी चांगली गोष्ट नाही. पण नीट बघितलं तर यातला बहुतेक पैसा आणि लक्ष आजार कळल्यानंतरच्या टप्प्यावर आहे. आजार कळणार कसा आणि कधी, हा प्रश्न पोटाच्या कॅन्सरबाबत जवळजवळ कोराच राहिला आहे.

सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्यांची तपासणी होते. त्यात रक्तदाब आणि मधुमेहासोबत तीन कॅन्सर आहेत: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. मोठ्या आतड्याचा त्यात नाही. अन्ननलिका, जठर, यकृत यांचेही नाहीत. हे सरकारचं निव्वळ दुर्लक्ष आहे असं आम्ही म्हणणार नाही. भारतात आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण खरोखर कमी आहे. वय लक्षात घेऊन काढलेला दर लाखामागे साधारण पाच येतो, तर अनेक श्रीमंत देशांत तो तीसच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. ज्या आजाराचं प्रमाण इतकं कमी, त्यासाठी कोट्यवधी लोकांच्या शौचाची तपासणी करायची, त्यातून लाखो खोटे इशारे निघणार, त्या प्रत्येकाला कोलोनोस्कोपी करायची, आणि ती करणारे डॉक्टर तर जिल्ह्याला बोटावर मोजण्याइतके. हा हिशेब बसत नाही, हे मान्य.

पण दर कमी असला तरी माणसं कमी नाहीत. देशात दरवर्षी ६५ ते ७० हजारांच्या घरात नवे रुग्ण सापडतात. जगभरात २०२२ साली हा आकडा १९ लाखांवर होता आणि ९ लाखांवर लोक याने दगावले. आपल्याकडची खरी अडचण दुसरीच आहे. जागतिक तुलनेच्या अभ्यासात आतड्याच्या कॅन्सरनंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं भारतातलं प्रमाण ४० टक्क्यांपेक्षाही कमी दिसतं. अमेरिकेत ते ६५ च्या आसपास आहे. औषधं तीच, शस्त्रक्रियाही बरीचशी तीच. बराचसा फरक रुग्ण किती उशिरा पोहोचतो याचा आहे. आजार आतड्याच्या भिंतीतच असताना सापडला तर दहापैकी नऊ जण पाच वर्षांनंतर हयात असतात. यकृत-फुप्फुसापर्यंत पोहोचल्यावर सापडला तर दहापैकी एक-दोन.

दुसरी गोष्ट वयाची. हा 'म्हाताऱ्यांचा आजार' अशी समजूत पाश्चात्त्य देशांतून आली आणि तिथेच ती मोडते आहे. 'ब्लॅक पँथर' सिनेमाचा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी याच आजाराने गेला, तेव्हा जगभर चर्चा झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ समितीने तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. आपल्याकडे तर टाटा मेमोरियलच्या ८०० रुग्णांच्या एका अभ्यासात सरासरी वयच ४७ निघालं होतं. म्हणजे निम्म्याच्या आसपास रुग्ण घर चालवणारे, मुलं शाळेत असलेले. 'इतक्या लहान वयात थोडाच कॅन्सर होतो' हे वाक्य घरच्यांकडून येतं तसं कधी कधी डॉक्टरांकडूनही येतं, आणि ते जास्त घातक ठरतं.

या कॅन्सरची एक खासियत आहे, आणि म्हणूनच उशीर जास्त खटकतो. बहुतेक वेळा तो एकदम होत नाही. आधी आतड्याच्या आतल्या अस्तरावर एक छोटा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. त्यातले बरेचसे निरुपद्रवी राहतात, काहींचा कॅन्सर होतो, आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत हा कोंब दिसला तर त्याच दुर्बिणीतून, त्याच बैठकीत काढून टाकता येतो. म्हणजे कॅन्सर लवकर सापडतो एवढंच नाही, तो होण्याआधीच थांबतो. अशी संधी फार थोड्या कॅन्सरमध्ये मिळते.

तपासण्या दोन प्रकारच्या आहेत. पहिली 'फिट': घरीच शौचाचा थोडासा नमुना छोट्या नळीत घ्यायचा, प्रयोगशाळा त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते. आधी पथ्यपाणी काही नाही. इंग्लंडमध्ये ही नळी सरकार दर दोन वर्षांनी टपालाने घरी पाठवतं. संयुक्त अरब अमिरातीत, जिथे आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांची माणसं नोकरीला आहेत, चाळिशीपासूनच तपासणीची शिफारस आहे. दुबई-शारजाला असलेल्या भावांनी तिथल्या विम्यात ही तपासणी बसते का, हे सुट्टीवर येण्याआधीच विचारून घ्यावं. गावी आल्यावर ते राहून जातं.

दुसरी कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी हलकं खाणं, मग पोट साफ करणारं औषध लिटरभर-दोन लिटर पाण्यातून प्यायचं. ती संध्याकाळ माणूस संडासाच्या आसपासच काढतो, हा भाग खरंच कंटाळवाणा आहे. तपासणी स्वतः मात्र अर्ध्या तासाच्या आसपासची, गुंगीचं इंजेक्शन देऊन होणारी. सगळं स्वच्छ निघालं आणि घरात कुणाला हा आजार नसेल तर दहा वर्षं पुन्हा करायची गरज सहसा नसते. एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवावी. 'फिट' ही तब्येत ठणठणीत असलेल्यांसाठीची चाळणी आहे. ज्याला रक्त दिसतंय, त्याने 'फिट' नॉर्मल आली म्हणून घरी बसू नये.

आणि तिसरी तपासणी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने केलेली गुदद्वाराची तपासणी. पाच मिनिटंही लागत नाहीत, मशीन लागत नाही. आपल्याकडे गुदाशयाच्या, म्हणजे अगदी खालच्या भागातल्या कॅन्सरचं प्रमाण बरंच आहे, आणि त्यातल्या पुष्कळ गाठी बोटालाच लागतात. तरीही ही तपासणी होत नाही. डॉक्टरांना घाई, रुग्णाला शरम. पुरुष 'गोळी द्या डॉक्टर' म्हणून उठतात. बायकांचं तर विचारूच नका. 'बाळंतपणापासून असंच आहे' म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात, सुनेला सांगणार नाहीत, मुलाला तर नाहीच. घरात एखादी बहीण किंवा लेक असेल तर हा प्रश्न तिनेच अम्मीला विचारायला हवा. स्त्री डॉक्टर मिळणं आता तालुक्याच्या गावीही फारसं अवघड राहिलेलं नाही. तपासणीसाठी ती मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. मात्र ती मिळत नाही म्हणून तपासणीच टाळणं हा तोट्याचा सौदा.

मग शंका कधी घ्यायची? रक्त शौचात मिसळलेलं असेल, काळपट असेल किंवा सोबत चिकट शेंब पडत असेल तेव्हा. पोट साफ होण्याची सवय तीन-चार आठवडे बदललेली राहिली, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, किंवा जाऊन आल्यावरही 'अजून राहिलंय' असं सारखं वाटत असेल तेव्हा. कारण नसताना वजन उतरलं तेव्हा. आणि एक लक्षण असं आहे जे आपण कधीच आतड्याशी जोडत नाही: रक्त कमी होणं. चाळिशीनंतरच्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलं, तर लोहाच्या गोळ्या देऊन ते वर चढवणं हा अर्धाच इलाज झाला. ते रक्त गेलं कुठे, हे शोधायला हवं. आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठी महिनोन् महिने थेंब थेंब रक्त सांडतात आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. मूळव्याध आधीपासून आहे म्हणून कॅन्सर नसेल, असंही नसतं. दोन्ही एका माणसात असू शकतात.

आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर तपासणी चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात तो झाला त्याच्या दहा वर्षं आधी सुरू करायची असते, जे आधी येईल ते. अब्बांना ४५ व्या वर्षी झाला तर मुलांनी ३५ ला. हे गणित सोपं आहे, पण त्यासाठी घरच्यांना आजाराचं नाव माहीत असायला हवं. आपल्याकडे ते झाकलं जातं. 'पोटाचं ऑपरेशन झालं' एवढंच बाहेर सांगतात, कारण मुलींची सोयरीक अडेल. मग सख्ख्या भावंडांनाही पत्ता नसतो की आपल्याला धोका आहे. काही कुटुंबांत तर हा कॅन्सर आनुवंशिक दोषामुळे पिढ्यान् पिढ्या येतो आणि तिथे रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना हे कळणं जरुरीचं असतं.

मांसाचा विषय टाळता येणार नाही, आणि तो आपल्याला टोमणा मारण्यासाठीच काढला जातो हेही ठाऊक आहे. विज्ञान काय म्हणतं तेवढं बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, डबाबंद प्रकार, यांना कॅन्सरकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो. साध्या लाल मांसाला 'संभाव्य' म्हटलं आहे. आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅमपर्यंत ठेवा, असा सल्ला तज्ज्ञ देतात. म्हणजे गोश्त बंद करायची गरज नाही, पण रोज दोन वेळा आणि सोबत भाजी शून्य, हे चालणार नाही. दावतीत भाजी ठेवली तर पाहुणे बिघडतात हा आपला अनुभव आहे. निदान घरच्या ताटात तरी डाळ, पालेभाजी, ज्वारीची भाकरी परत यायला हवी. लठ्ठपणा, बसून राहणं, तंबाखू आणि दारू यांचा वाटाही मोठा आहे.

तंबाखूचं खास सांगायला हवं, कारण पोटाच्या कॅन्सरमध्ये नुसतं आतडं येत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. मोहल्ल्याच्या टपरीवर ती किती पाळली जाते ते सगळ्यांना दिसतं. मशेरीवर तर घरातच कुणाचं लक्ष नसतं. दादी-नानी दिवसातून चार वेळा दात घासतात, आणि ते तंबाखूच आहे असं कुणाला वाटत नाही. खायच्या तंबाखूने तोंडाचाच नव्हे, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचाही कॅन्सर होतो. घास अडकायला लागला, पाण्याबरोबर गिळावा लागला, की एंडोस्कोपी करून घ्यायची. 'गॅस आहे' म्हणून सोडायचं नाही.

यकृताच्या कॅन्सरला तर चक्क लस आहे. हिपॅटायटिस बी हा त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक, आणि त्याची लस २०११ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. पहिला डोस जन्मल्यावर २४ तासांत द्यायचा असतो. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवरची साथ आली तेव्हा लस न घेतलेल्या मुलांचा प्रश्न सगळ्यांसमोर आला होता. ती टाळाटाळ गोवरापुरती राहत नाही. हिपॅटायटिस सी ला लस नाही, पण साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांत बरा होतो. त्या गोळ्या २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात.

आता उपचार. आतड्याच्या कॅन्सरचा कणा शस्त्रक्रिया आहे. गाठ असलेला भाग आणि शेजारच्या लसिकाग्रंथी काढतात, गरजेप्रमाणे पुढे केमो देतात. गुदाशयाच्या गाठीत बऱ्याचदा आधी रेडिएशन आणि केमो, मग ऑपरेशन. काही रुग्णांत गाठ त्यानेच पूर्ण विरघळते आणि डॉक्टर कडक देखरेखीखाली ऑपरेशन लांबवतात. न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या गुदाशयाच्या गाठी फक्त इम्युनोथेरपीने नाहीशा झाल्या. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत असे उपचार पूर्ण केलेल्या सर्व ४९ रुग्णांची गाठ गेली होती. व्हॉट्सॲपवर ही बातमी 'कॅन्सरवर औषध सापडलं' म्हणून फिरते. तसं नाही. शंभरात पाच-दहा गाठीच अशा असतात, आणि औषध अफाट महाग आहे. पण बायोप्सीच्या तुकड्यावर 'एमएमआर' ही तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही. आनुवंशिक दोषाचा सुगावाही तीच देते.

त्याच वर्षी आलेली दुसरी बातमी कमी गाजली, आम्हाला ती जास्त मोलाची वाटते. आतड्याचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम करायला लावला. आठ वर्षांनंतर त्यांच्यातले शंभरात ९० हयात होते, बाकीच्यांत ८३. केमो संपलेल्या माणसाला आपण पलंगावरून उठू देत नाही, त्याऐवजी रोज चालायला नेलं पाहिजे.

ऑपरेशनला नकार देण्यामागे एक कारण असतं जे रुग्ण डॉक्टरांना सांगत नाही: पोटावरची पिशवी. आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावतात, बऱ्याचदा काही महिन्यांसाठी, कधी कायमची. 'नमाज कशी होणार, पाकी कशी राहणार' या विचाराने लोक तारीख मिळूनही परत येत नाहीत. ज्याच्या हातात रोखून धरणं नाही तो माजूर असतो. त्याने नमाजेच्या वेळेला नवं वुजू करून नमाज पढावी, हा मसला जुना आणि सर्वमान्य आहे. तपशील आपापल्या मसलकच्या आलिमांना विचारावा, पण ऑपरेशनच्या आधी विचारावा. मशिदीच्या इमामांनी जुम्याच्या बयानात हे एकदा सांगितलं तर दहा पत्रकांपेक्षा जास्त काम होईल. पिशव्यांचा खर्च दर महिन्याचा असतो, तो सुरुवातीलाच धरावा. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा रुग्णांना मार्गदर्शन करते. रमजानचंही तेच. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी औषध आणि पाणी प्यावंच लागतं, तेव्हा रोजा होणार नाही, कजा करता येतो. लक्षणं असताना 'ईदनंतर बघू' म्हणण्याची गरज नाही.

पैशाचं गणित शेवटी सगळ्यांना अडवतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून महाराष्ट्रात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं. कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन यात आहेत. अंगीकृत इस्पितळात आरोग्यमित्राचं टेबल असतं, चौकशीसाठी १५५३८८ आणि १४५५५ हे क्रमांक आहेत. रेशनकार्ड, आधार आणि नावातली स्पेलिंग आधीच जुळवून घ्या. 'शेख' आणि 'शैख', 'बी' आणि 'बेगम' यात आपले कितीतरी अर्ज अडकतात.

पण योजना सुरू होते ती निदान हातात आल्यावर. आयुष्मानच्या नियमात दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा खर्च धरतात. त्याआधीची कोलोनोस्कोपी, बायोप्सी, सीटी स्कॅन हे सगळं बहुधा खिशातून. रिक्षा चालवणाऱ्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसासाठी हे काही हजार रुपयेच भिंत बनतात. तो चार महिने मूळव्याधीचं औषध घेतो ते अडाणीपणामुळे नाही, दोनशे रुपयांत तेच परवडतं म्हणून. रमजानमध्ये जकातीसाठी येणारे मेसेज बघा: चौथ्या स्टेजच्या केमोसाठी लाखो रुपये मागितलेले असतात, आणि आपण देतोही. गरजू रुग्णाच्या हातात जकात तपासणीच्या वेळीच पडली तर त्याच पैशात पंचवीस-तीस जणांची कोलोनोस्कोपी होईल. जमातींनी आपल्या फंडात तपासणीसाठी वेगळा हिस्सा ठेवावा, शिबिरांचा खर्च लिल्लाहमधून करावा, अशी आमची सूचना आहे.

सरकारकडे मागणीही तशीच नेमकी हवी. साऱ्या देशाची तपासणी करा असं म्हणणं सोपं आहे, ते होणार नाही. घरोघरी येणाऱ्या आशाताईंच्या प्रश्नांत शौचातलं रक्त आणि घरातला आजार यांची ठळक विचारणा हवी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात 'फिट' आणि कोलोनोस्कोपीची सोय हवी. निदानाचा खर्च योजनेत हवा. बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी चालते, म्हणजे माहिती गोळा करायची पद्धत या राज्याला नवी नाही. डे-केअर केंद्राच्या उद्घाटनाला आमदार-पालकमंत्री येतील तेव्हा आपल्या भागातल्या नगरसेवकांनी आणि जमातीच्या जबाबदारांनी एवढंच विचारावं: या इस्पितळात कोलोनोस्कोपी कोणत्या वारी होते, करणारे डॉक्टर कोण, आणि आज नाव लावलं तर नंबर कधी लागतो?